सुईणीचा व्यवसाय नेमका कोणी घडवला?

प्रश्न असा आहे : वैद्यकशास्त्रात शिरलेल्या पहिल्या स्त्रियांनीच सुईणीच्या परंपरागत कामाला प्रशिक्षित, नोंदणीकृत व्यवसायाचे रूप दिले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते, ते कितपत खरे मानावे? बाळंतपणे करण्यात आणि करायला शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली असल्यामुळे या प्रश्नाकडे मला केवळ इतिहास म्हणून पाहता येत नाही, आणि म्हणूनच उत्तर थोडे लांबणार आहे.

माझ्या मते हे विधान निम्मे खरे आहे. स्त्रियांना वैद्यकात प्रवेश मिळाला तो बहुतेक ठिकाणी बाळंतिणीच्या खोलीतून, यात शंका नाही. परंतु आत शिरल्यावर त्यांतल्या बहुतेकींना ‘सुईण’ या शब्दापासून कटाक्षाने दूर राहावे लागले, आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यही होते. सुईणीचा व्यवसाय घडला तो वेगळ्याच गोष्टींमधून : आपले ज्ञान दुसरीच्या हातात उतरवण्याची पद्धत, केलेल्या बाळंतपणांची स्वतःची लेखी नोंद, कौशल्याची परीक्षा घेऊन मिळणारा परवाना, आणि बाई अडली असता डॉक्टरला बोलावण्याचे बंधन व त्या बोलावण्याचा खर्च उचलणारी व्यवस्था. या चार गोष्टी एकाच वेळी, एकाच देशात, एकाच व्यक्तीकडून आलेल्या नाहीत.

या विषयावरचे लेखन पुष्कळदा प्राचीन अथेन्समधल्या अग्नोदिकीपासून सुरू होते. पुरुषवेष धारण करून वैद्यक शिकलेल्या आणि खटल्यातून सुटलेल्या या स्त्रीची कथा एका लॅटिन कथासंग्रहात येते. ती इतिहास म्हणून सांगू नये. एवढे मात्र खरे की, पुढच्या काळात स्त्रियांची बाजू मांडणाऱ्यांनी ती पुराव्यासारखी वापरली. बाराव्या शतकातल्या, इटलीतल्या सालेर्नो येथील त्रोता ही त्या मानाने खरीखुरी वैद्य होती, आणि तिच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात बाळंतपणात फाटलेला भाग रेशमी धाग्याने शिवण्याची कृतीसुद्धा दिलेली आहे. पण एका कुशल स्त्रीमुळे व्यवसाय उभा राहत नाही, म्हणून तिथे फार रेंगाळण्याचे कारण नाही.

परवान्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहराने सुईणींसाठी नियमावली केली ती १४५२ मध्ये. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून सुईणीला परवाना देण्याचा अधिकार बिशपकडे होता. एलिनॉर पीड हिने १५६७ मध्ये परवाना घेताना जी शपथ घेतली तिच्यात मुलांची अदलाबदल करणार नाही, जादूटोणा करणार नाही, मरणोन्मुख बालकाचा बाप्तिस्मा साध्या स्वच्छ पाण्याने आणि ठरलेल्या शब्दांनी करीन, अशा प्रकारची कलमे आहेत. या काळातल्या सुईणीकडून समाजाला काय हवे होते ते या शपथेवरून कळते. ती विश्वासू साक्षीदार असावी, एवढीच अपेक्षा होती. आडवे आलेले मूल तिला फिरवता येते की नाही, याची परीक्षा कोणी घेत नव्हते. तिच्या हाताखाली बाळंत झालेल्या बायका ‘हिचे काम चांगले आहे’ असे सांगत, तेच प्रमाणपत्र. या साक्षींना मी हलके लेखत नाही. आजच्या कित्येक परीक्षांपेक्षा त्या जास्त खऱ्या असतील. पण त्यांतून विद्या पुढे जात नव्हती.

विद्या पुढे जाण्यासाठी ती लिहावी लागते, आणि इथे दोन स्त्रियांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पहिली लुईझ बूर्ज्वा. फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिची ती सुईण. १६०१ मध्ये तेरावा लुई जन्मला तो तिच्या हातात. १६०९ मध्ये तिने आपले अनुभव छापून प्रसिद्ध केले. पुढे १६२७ मध्ये राजघराण्यातली एक सून बाळंतपणानंतर दगावली, शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यांच्या अहवालाचा रोख बूर्ज्वाकडे वळला, आणि साठी उलटलेल्या या बाईने गप्प न बसता स्वतःचा खुलासा छापून वैद्यांना जाहीर उत्तर दिले. एका सुईणीने वैद्यांच्या अहवालाचा लेखी प्रतिवाद करावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

दुसरी युस्टीन झीगेमुंड, आणि खरे सांगायचे तर या सगळ्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती व्यक्ती हीच आहे. ती १६३६ मध्ये सायलेशियात एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मली. विशीत असताना तिला दिवस गेले आहेत असे समजून सुईणींनी तिला कळा देण्यास लावले. प्रत्यक्षात तिच्या पोटात गर्भ नव्हताच, तिचे अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आले होते. या यातनांमधून उठल्यावर तिने हाती लागतील ती प्रसूतीची पुस्तके वाचायला सुरुवात केली. तिला स्वतःला मूल कधी झाले नाही, आणि ‘जिला मूल नाही ती सुईण कशी?’ या आक्षेपाला तिला आयुष्यभर तोंड द्यावे लागले. आरंभीची अनेक वर्षे तिने गरीब शेतकरी बायकांची बाळंतपणे केली, पुढे ती ब्रांडेनबुर्गच्या दरबाराची सुईण झाली, आणि १६९० मध्ये तिचा ग्रंथ बाहेर पडला. तो युस्टीना आणि क्रिस्टीना या गुरु-शिष्येच्या संवादाच्या रूपात आहे : एक विचारते, दुसरी सांगते, आणि मग शिष्येचीच उलट परीक्षा होते.

त्या ग्रंथातली जी कृती आजही तिच्या नावाने ओळखली जाते ती आडव्या मुलाची आहे. मूल पोटात आडवे पडले आहे, पाणमोट फुटून गेली आहे, गर्भाशय मुलाभोवती आवळले आहे, अशा वेळी मुलाचा पाय हाताला लागला तरी तो नुसता ओढून मूल फिरत नाही, कारण खालच्या बाजूला अडकलेले डोके किंवा खांदा वर सरकायला जागाच नसते. एका वेळी आत एकच हात जातो. त्या हाताने पाय ओढावा तर डोके कोण ढकलणार? झीगेमुंडने सांगितले की, पायाला मऊ फितीचा फास घालावा, फितीचे टोक बाहेर ठेवावे, बाहेरच्या हाताने फीत ओढत राहावे आणि आतल्या हाताने डोके वर सारावे, म्हणजे दोन्ही हालचाली एकाच वेळी होतात आणि मूल वळते. ज्याने हे कधी हाताने केले आहे किंवा करताना पाहिले आहे त्याला या फितीमागची बुद्धी लगेच कळते. आज आडव्या मुलासाठी शस्त्रक्रिया हाच सामान्य मार्ग आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु शस्त्रक्रिया म्हणजे आईचा जवळपास निश्चित मृत्यू, अशा काळात ही कृती सुचणे आणि ती चित्रांसह दुसऱ्या सुईणींना शिकवणे, याला मी शास्त्र म्हणते.

मात्र वाचून हात तयार होत नाही, आणि बहुसंख्य सुईणींना वाचता येतही नव्हते. ही अडचण फ्रान्समधल्या आंजेलिक मार्गरीत द्यू कुद्रे हिने सोडवली. पंधराव्या लुईने १७५९ मध्ये तिला राज्यभर फिरून प्रसूतिविद्या शिकवण्याचा अधिकार दिला, आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे ती गावोगावी साधारण दोन-दोन महिन्यांचे वर्ग घेत फिरली. तिच्या हाताखालून हजारो बायका शिकून गेल्या. तिने शिकवण्यासाठी जे साधन तयार केले त्याला ती ‘यंत्र’ म्हणत असे : कापड, चामडे आणि भुसा-कापूस भरून बनवलेला कमरेखालचा स्त्रीदेह, काहींमध्ये खरी कटीची हाडे, ताण-सैल दाखवण्यासाठी नाड्या आणि पट्टे, आणि आतून बाहेर काढायचे अर्भकाच्या आकाराचे बाहुले. या बाहुल्याचे तोंड उघडे ठेवलेले असे, कारण पायाळू मुलाचे धड बाहेर आल्यावर अडकलेले डोके वाकवण्यासाठी तोंडात बोट कसे घालायचे, हे शिष्येने करून पाहावे. असे एक यंत्र फ्रान्समधल्या रुआन येथील संग्रहालयात आजही जपलेले आहे.

आमच्या प्रशिक्षणवर्गातले रबरी प्रारूप याच यंत्राचे वंशज आहे. त्याच्यावर मी नेहमी चादर घालते, कारण चादर नसली की मुली डोळ्यांनी पाहून मूल बाहेर काढतात, आणि प्रत्यक्ष बाळंतपणात आतले काही दिसत नसते. चादर घातली की पहिल्या दिवशी टाच आणि कोपर यांत हमखास गल्लत होते. टाचेला पुढे बोटे असतात, कोपराला नसतात, हे पाठ असूनही बोटांना ते सांगता येत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी मात्र न विचारता उत्तर येते. द्यू कुद्रेच्या खेड्यातल्या निरक्षर शिष्यांनाही नेमके हेच मिळाले असणार. माझ्या दृष्टीने सुईणीच्या कामाचे व्यवसायात रूपांतर व्हायला इथे सुरुवात झाली. स्त्रियांना डॉक्टरकीची दारे उघडण्याआधी जवळजवळ शंभर वर्षे.

फ्रान्समध्ये ही परंपरा पुढे पॅरिसच्या मॅटर्निटे या प्रसूतिगृहात स्थिरावली. तिथली शाळा १८०२ मध्ये सुरू झाली आणि तिची प्रमुख होती मारी-लुईझ लाशापेल. आई सुईण, मुलगी सुईण, अशी घराण्यातून आलेली ही बाई; पण तिचे काम घराण्याच्या पलीकडचे आहे. सुमारे ४०,००० बाळंतपणांच्या नोंदींच्या आधारावर तिने ग्रंथ रचला, आणि गर्भाच्या स्थितींचे जे ९४ प्रकार त्या वेळचे प्रसूतितज्ज्ञ शिकवत होते ते तिने २२ वर आणले, कारण बाकीचे कागदावर शक्य असले तरी खाटेवर भेटत नव्हते. मूल ओढून काढण्याचा चिमटा ऊठसूट लावू नये, निसर्गाला वेळ द्यावा, हे तिचे मतही आकड्यांवर उभे होते. तिच्याच परंपरेतली मारी ब्वाव्हँ हिला १८२७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टर पदवी दिली. स्वदेशातल्या वैद्यक अकादमीत मात्र तिला स्थान मिळाले नाही.

जर्मनीत सुईण आणि डॉक्टर यांच्यामधली भिंत काही काळ पातळ होती असे दिसते. डोरोथेआ एर्क्सलेबेन हिने १७५४ मध्ये हाले येथे वैद्यकाची पदवी मिळवली, पण तिची गोष्ट अपवादाचीच. अधिक बोलके उदाहरण झीबोल्ड मायलेकींचे आहे. आई रेगिना योझेफा हिला गीसेन विद्यापीठाने १८१५ मध्ये प्रसूतिशास्त्राची सन्मान्य पदवी दिली, आणि मुलगी शार्लोट हिने १८१७ मध्ये त्याच विद्यापीठात गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भावर प्रबंध लिहून पदवी घेतली. हीच शार्लोट १८१९ च्या मे महिन्यात लंडनला व्हिक्टोरियाच्या जन्माच्या वेळी हजर होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोबुर्गजवळ आल्बर्टच्या. पुढे एकमेकांशी लग्न करणाऱ्या दोघांचेही बाळंतपण एकीच्याच हातचे. इंग्लंडच्या राजघराण्याला १८१९ मध्ये पदवीधर स्त्री चालली. त्या देशातल्या बहुतेक परीक्षामंडळांना ती त्यानंतर जवळजवळ सहा दशके चालेना.

आता पहिल्या स्त्री डॉक्टरांकडे वळते. एलिझाबेथ ब्लॅकवेल हिने २३ जानेवारी १८४९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. तिला शल्यविशारद व्हायचे होते. त्यासाठी ती पॅरिसला गेली, पण एकही रुग्णालय तिला डॉक्टर म्हणून घेईना. तिच्यासाठी उघडे होते ते फक्त मॅटर्निटे, आणि तेही सुईणीची शिष्या म्हणून. हातात पदवी असलेली ही स्त्री खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींच्या बरोबरीने सामूहिक शयनगृहात राहिली आणि रात्रपाळ्या केल्या. नोव्हेंबर महिन्यात डोळे आलेल्या एका नवजात बाळाचे डोळे धूत असताना दूषित पाणी तिच्या स्वतःच्या डोळ्यात उडाले. संसर्ग तोच, आईच्या जननमार्गातून बाळाला होणारा परम्याचा (गनोरियाचा). डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली, डोळा काढावा लागला, आणि शल्यविशारद होण्याचे स्वप्न तिथेच संपले. जन्मतःच बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून हा आजार टाळता येतो, हे लाइपझिगच्या क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने दाखवून द्यायला १८८० उजाडावे लागले. ब्लॅकवेलने पुढे स्त्रियांसाठी रुग्णालय आणि महाविद्यालय काढले, परंतु तिचा आग्रह संपूर्ण वैद्यकीय शिक्षणाचा होता. सुईणींची स्वतंत्र शाळा हे तिचे ध्येय कधीच नव्हते.

हा आग्रह कशासाठी, हे मारी झाकशेव्हस्का हिच्या आयुष्यावरून अधिक स्पष्ट होते. तिची आई बर्लिनच्या शारिते रुग्णालयात शिकलेली सुईण. मारी तिथेच शिकली, आणि १८५२ मध्ये तिथली प्रमुख सुईण म्हणून नेमली गेली. पण तिच्यामागे उभे असलेले प्राध्यापक श्मिट नेमणुकीच्याच सुमारास वारले, आणि सहा महिन्यांत विरोधाला कंटाळून तिने पद सोडले. अमेरिकेत जाऊन तिने १८५६ मध्ये डॉक्टरची पदवी घेतली आणि १८५९ मध्ये बॉस्टनच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवू लागली. ते महाविद्यालय सॅम्युएल ग्रेगरी या गृहस्थाने काढले होते, आणि त्याचा हेतू स्त्रियांना विज्ञान शिकवणे हा नव्हता. पुरुषांनी बाळंतपणे करणे त्याला अनीतीचे वाटे म्हणून त्याला स्त्रिया हव्या होत्या. झाकशेव्हस्काने सूक्ष्मदर्शक मागितला, तो नाकारला गेला. पुरुषाचा हात लागू नये एवढ्यासाठी जी स्त्री हवी असते तिला सूक्ष्मदर्शकाची गरज काय, असाच तो हिशोब होता. १८६२ मध्ये तिने ती नोकरी सोडून स्वतःचे रुग्णालय उभारले. ती स्वतः उत्तम सुईण होती. तरीही, किंवा म्हणूनच, स्त्रियांना सुईणीपुरते शिकवून गप्प बसवण्याचा डाव तिने सर्वांत आधी ओळखला.

इंग्लंडमध्ये हीच ओढाताण विनोदी म्हणावी अशा थराला गेली. १८७६ च्या आरंभी सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पीची आणि इझाबेल थॉर्न या तिघींनी शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजकडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्याची परीक्षा देण्यासाठी अर्ज केला. त्या परवान्याच्या आधारे वैद्यकीय नोंदवहीत नाव लागले असते. कायदेपंडितांनी कॉलेजला सांगितले की, अर्ज नाकारता येणार नाही. तेव्हा प्रसूतिशास्त्राच्या सगळ्याच परीक्षकांनी राजीनामे दिले. परीक्षकच नाहीत म्हटल्यावर परीक्षा झाली नाही. त्याच वर्षी संसदेने कायदा करून परीक्षामंडळांना स्त्रियांना परीक्षेस बसू देण्याची मुभा दिली, आणि डब्लिनच्या कॉलेजने ती प्रथम वापरली. याच एडिथ पीची पुढे १८८३ मध्ये मुंबईला गेल्या आणि कामा रुग्णालयाच्या कामात त्यांनी आयुष्याची ऐन वर्षे घातली. फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-महाविद्यालयात आनंदीबाई जोशी शिकल्या तिथेही त्यांचा १८८६ चा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरचाच होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहाच दिवसांत गेल्याचे दुःख घेऊन त्या त्या विषयाकडे गेल्या होत्या.

याच काळात लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचे वर्तन पाहण्यासारखे आहे. १८७२ पासून ती सुईणींची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देऊ लागली, आणि १८७४ मध्ये तिनेच पॅरिसची पदवी असलेल्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांना सदस्यत्व नाकारले. हाताखाली काम करणारी शिकलेली सुईण हवी, बरोबरीने बसणारी डॉक्टर नको, असा त्याचा सरळ अर्थ. गॅरेट अँडरसन यांनीही स्त्रियांसाठी काढलेल्या, केवळ प्रसूतीपुरते शिकवणाऱ्या लंडनच्या संस्थेला पाठिंबा दिला नव्हता. अर्धे शिक्षण घेतलेल्या स्त्रिया बाहेर पडल्या तर पुऱ्या शिक्षणाची मागणी कायमची बुडेल, ही त्यांची भीती होती. ती अनाठायी होती असे मला वाटत नाही. पण परिणाम असा झाला की, सुईणींसाठी लढण्याचे काम स्त्री डॉक्टरांकडून फारसे झाले नाही.

ते केले दुसऱ्याच स्त्रियांनी. १८८१ मध्ये लुईझा हबर्ड, झेफरीना व्हेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईणींची संघटना बांधली, पुढे रोझालिंड पॅजेट तिच्यात आल्या. या बहुतेकजणी परिचारिका होत्या किंवा सार्वजनिक कामातल्या सुस्थित बायका होत्या. १८९० पासून सुईणींच्या नोंदणीचे विधेयकामागून विधेयक पडत गेले. सामान्य डॉक्टरांना आपले उत्पन्न जाईल असे वाटत होते, तर परिचारिकांच्या काही पुढाऱ्यांना सुईण ही कालबाह्य जमात वाटत होती. शेवटी ३१ जुलै १९०२ रोजी कायदा झाला.

या कायद्याचा तपशील व्यवसायातल्या माणसाने वाचावा असा आहे. एक मध्यवर्ती सुईणमंडळ स्थापन झाले. प्रमाणपत्राशिवाय ‘सुईण’ ही संज्ञा लावण्यास १९०५ पासून बंदी आली, आणि ‘सवयीने व मोबदल्यासाठी’ बाळंतपणे करण्यास १९१० पासून. जुन्या सुईणींना एकदम उपाशी मारायचे नव्हते, म्हणून किमान एक वर्ष काम केलेल्या आणि चारित्र्य चांगले असलेल्या बायकांना परीक्षेविना यादीत घेतले गेले. पहिल्या यादीत निम्म्याहून अधिक नावे अशांचीच होती. मंडळावर सुईण असलीच पाहिजे असे मात्र कायद्यात कुठेही नव्हते. स्वतःच्या व्यवसायाच्या नियामक मंडळावर हक्काची जागा नसलेला व्यवसाय असे त्याचे रूप होते, आणि म्हणून १९०२ ला ‘सुईणींचा विजय’ म्हणताना माझी लेखणी अडखळते.

नियम मात्र नेमके होते. धुता येईल असाच पोशाख, स्वच्छ एप्रन, आणि पिशवीत तापमापक, कात्री, मूत्रनलिका, एनिमाचे साधन, नखे घासण्याचा ब्रश आणि जंतुनाशक. पिशवीचे अस्तर काढून धुता आले पाहिजे. पाहणीला येणारी बाई अस्तर उलटून बघे. हा ब्रश आणि हे जंतुनाशक यांच्यामागे व्हिएन्नाचा धडा होता. तिथल्या प्रसूतिगृहाच्या दोन विभागांपैकी एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्यात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या आणि दुसऱ्यात २.८ टक्के. सुईणी शवविच्छेदन करत नसत, विद्यार्थी ते करून तशाच हातांनी तपासायला येत, हे तिथल्याच झेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये ओळखले आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. तिथल्या सुईणी फार स्वच्छ होत्या असे यावरून कोणी समजू नये. त्यांच्या हातांना प्रेतांचा संसर्ग नव्हता, एवढेच. पुढे अस्वच्छतेचा सगळा ठपका सुईणींवर ठेवला गेला, तेव्हा हे आकडे सोयीस्करपणे विसरले गेले.

कायद्यातली सर्वांत मोठी त्रुटी पैशाची होती. बाळंतपण नेहमीच्या वाटेने जाईनासे झाले की सुईणीने डॉक्टर बोलावलाच पाहिजे, असा नियम झाला. पण डॉक्टरची फी कोण देणार, हे कोणी ठरवले नाही. गरीब कुटुंब देऊ शकत नाही, सुईणीची मिळकत तुटपुंजी, आणि फुकट यायला डॉक्टर बांधील नाही. मग अडलेल्या बाईच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या सुईणीच्या मनात बोलावू की थांबू हा प्रश्न येतो, आणि त्यात जाणारा प्रत्येक तास आईच्या वाट्यातून जातो. ही फी स्थानिक प्रशासनाने द्यावी अशी तरतूद १९१८ च्या कायद्याने झाली, आणि पगारी सुईणसेवा १९३६ च्या कायद्याने. माझ्या हिशोबी हे दोन कायदे १९०२ च्या कायद्याइतकेच महत्त्वाचे आहेत, पण त्यांची नावे क्वचितच कोणी घेते. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे : इंग्लंडमधला मातामृत्यूचा दर या सगळ्या काळात दर १,००० जन्मांमागे चार-पाचच्या आसपासच रेंगाळला, आणि तो झपाट्याने उतरू लागला तो १९३५ नंतर, जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे आल्यावर.

स्वीडनची वाट वेगळी होती. तिथे अठराव्या शतकापासूनच गावोगावच्या बायकांना शिकवून परत गावी पाठवण्याचे धोरण होते, आणि दूरच्या खेड्यांत डॉक्टर वेळेवर पोहोचणार नाही हे ओळखून १८२९ मध्ये सुईणींना चिमट्यासह काही शस्त्रे वापरण्याचा अधिकार दिला गेला. हॉलंडने १८६५ च्या कायद्याने नैसर्गिक बाळंतपण हे सुईणीचे स्वतंत्र क्षेत्र ठरवले. अलेटा याकोब्स या तिथल्या पहिल्या स्त्री डॉक्टर त्यानंतर चौदा वर्षांनी झाल्या, म्हणजे स्त्री डॉक्टर नसतानाही तिथे सुईणीचा व्यवसाय उभा राहिला होता.

अमेरिकेत बरोबर उलटे घडले. स्त्री डॉक्टर तिथे सर्वांत आधी झाल्या आणि सुईण तिथेच सर्वांत आधी हद्दपार होऊ लागली. हॅना पॉर्न या सुईणीला झालेली शिक्षा १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, कारण तिचे काम म्हणजे विनापरवाना डॉक्टरकी होय असे ठरले. झाकशेव्हस्काचे रुग्णालय याच राज्यात होते. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर सारा जोसेफिन बेकर यांच्यासारख्यांनी सुईणींना बंदी घालण्याऐवजी शिकवा असे म्हटले, आणि १९११ मध्ये बेलेव्ह्यू रुग्णालयाला जोडून सुईणींची शाळा निघाली. स्त्री डॉक्टर सुईणीच्या बाजूने उभी राहिल्याचे हे चांगले उदाहरण आहे, पण अशी उदाहरणे थोडी. केंटकीच्या डोंगराळ भागात काम करू इच्छिणाऱ्या मेरी ब्रेकिन्रिज या परिचारिकेला, परिचारिका आणि सुईण ही दोन्ही शिक्षणे एकत्र असलेली तयारी हवी होती. तशी सोय देशात न सापडल्यामुळे ती अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेली आणि १९०२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाचे प्रमाणपत्र घेऊन परतली. ब्लॅकवेलच्या पदवीला तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती. १९२५ मध्ये तिने सेवा सुरू केली ती ब्रिटनमध्ये शिकून आलेल्या सुईणींना बरोबर घेऊन, घोड्यावरून, खोगिराच्या दोन पिशव्यांत बाळंतपणाचे सामान भरून.